चढावरची वाळू आणि छोटा ट्रॅक्टर
आज बार्शीकडच्या माळावर चढाच्या घरासाठी वाळू-सिमेंट वर नेलं. डाळिंबाच्या बागेतला २० ते २५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर हे काम करतो, पण वजनाचा हिशेब आधी हवा. सिमेंटच्या २० गोण्या म्हणजे एक टन. पाव ब्रास (२५ घनफूट) वाळू कोरडी असली तरी टनाच्या वर जाते, ओली आणखी जड. चढाला एका खेपेत टनभरच पुरे.

दोनचाकी ट्रॉलीत माल मागे सरकला की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं जागीच फिरून मुरूम उकरतात. फार पुढे भरला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून एक्सलच्या किंचित पुढे भरा, गोण्या दोरानं आवळा. ओढ कायम खालच्या ड्रॉबारवरच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढपट्टीवरच घ्या. टॉपलिंकला (अवजारं जोडायच्या वरच्या दांड्याला) साखळी बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटतो, यात माणसं गेली आहेत!

लो गिअर चढाआधीच टाका, मध्ये क्लच दाबू नका. डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीनं जोडलेली हवीत. उतरतानाही तोच गिअर, न्यूट्रल अजिबात नाही. चाकामागे दगड लावणारा माणूस बाजूनं चालावा, ट्रॉलीमागून नव्हे.