मिरची-धण्याशिवाय बांगड्याचं कालवण : माझा अनुभव

ऑटोइम्यून आजारांसाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांसाठी, जो एआयपी (ऑटोइम्यून प्रोटोकॉल) आहार सांगतात, त्याच्या पहिल्या टप्प्यात आपल्या मसाल्याच्या डब्यातलं फारसं काही उरत नाही. धान्यं, कडधान्यं, दूध, तूप, अंडी, सुका मेवा बंद. मिरची, टोमॅटो, बटाटा, वांगं हे सगळे एकाच कुळातले, म्हणून तेही बंद. बिया बंद म्हणजे जिरं, मोहरी, मेथी गेली. कोथिंबीर चालते, पण त्याच रोपाचे धणे चालत नाहीत. मिरीसुद्धा थांबवतात, मात्र पदार्थ परत सुरू करताना ती सुरुवातीच्या काहींत येते. उरतं काय, तर नारळ, कोकम, आलं, लसूण, हळद, कढीपत्ता. माशाला एवढं पुरतं. रात्रीचं जेवण मी यावरच अर्ध्या तासात करते.

दोन माणसांना मध्यम आकाराचे दोन बांगडे, साधारण 400 ग्रॅम. कल्ले लालभडक हवेत आणि पोट बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. बांगडा उघड्यावर राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. मग दोष उगाच आहाराला लागतो. बाजारातून आणतानाच बर्फात ठेवा. साफ करताना पोटातली काळी पातळ त्वचा नखाने खरवडून काढा, कडवटपणा तिचाच असतो.

प्रत्येक बांगड्याचे तीन तुकडे करून अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लावते. आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून वेगळं मीठ चिमूटभरच. दहा मिनिटं पुरेत. तासभर ठेवलं तर आंबटाने मांस भुसभुशीत होतं आणि कालवणात तुकडे सुटतात.

तेवढ्या वेळात दोन रताळी कुकरला लावायची, भाताच्या जागी तीच. चार आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात भिजत घालायची. अर्ध्या नारळाचं खोबरं खोवून पाऊण वाटी कोमट पाण्यात वाटायचं आणि पिळून घट्ट रस बाजूला ठेवायचा. त्याच चोथ्यात एक वाटी पाणी घालून दुसरा, पातळ रस काढायचा. डब्यातलं नारळाचं दूध घेणार असाल तर लेबल वाचा. बऱ्याच डब्यांत ग्वार गम असतो, म्हणजे गवारीच्या बिया, आणि या आहारात तो टाळतात.

पसरट पातेल्यात दोन चमचे खोबरेल तापवून सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या, इंचभर किसलेलं आलं, आठ-दहा कढीपत्त्याची पानं. हिंग नको, डबीतल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेलं असतं. लसूण सोनेरी होऊ लागला की पाव चमचा हळद आणि लगेच पातळ रस. हळद तेलात जळली तर सगळं कालवण कडू होतं. आमसुलं पाण्यासकट घालून तीन-चार मिनिटं उकळू द्या, मग आंबट-खारट चाखा आणि त्यानंतरच मासा सोडा. झाकण अर्धवट ठेवून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं. डाव घालायचा नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटायला लागलं की मासा झाला.

आता आच अगदी मंद करून घट्ट रस घाला आणि कडेला वाफ दिसली की गॅस बंद. इथेच बहुतेकांचं कालवण फुटतं. कोकमाच्या आंबटपणात घट्ट रस खदखदला की पाणी एकीकडे, कणीदार साय दुसरीकडे होते. चव तीच राहते, पण ताटात बघवत नाही. मिरचीचा झणका हवासा वाटला तर शेवटी अर्धा चमचा आल्याचा कच्चा रस आणि मूठभर कोथिंबीर. झाकून पाच मिनिटं ठेवा, आंबट माशात मुरतं.

तळायचा असेल तर रव्याऐवजी आरारूट. मात्र त्या नावाने सुटी मिळणारी पूड पुष्कळदा मक्याचा स्टार्च असते, आणि मका म्हणजे धान्यच. पाकिटावर घटक लिहिलेले असतील तेच घ्या. तुकडी कापडाने अगदी कोरडी करून तव्यावर टाकायच्या क्षणी आरारुटात घोळवा, आधी घोळवलीत तर चिकट लगदा होतो. पहिली बाजू चार मिनिटं हलवायची नाही, तव्याला धरलेली त्वचा आपोआप सुटते.

औषधं यात कुठेही बंद करायची नाहीत. 2017 साली आतड्यांच्या दाहाच्या 15 रुग्णांवर अमेरिकेत हा आहार तपासला गेला, सहाव्या आठवड्यात त्यातल्या 11 जणांची लक्षणं शमली होती. अभ्यास छोटा आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. वर्ज्य पदार्थ किती दिवसांनी आणि कोणत्या क्रमाने परत आणायचे, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

उरलेलं कालवण लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी उकळू न देता गरम करा.