डावीकडचा आरसा

नवी गाडी घ्यायची ठरलं तेव्हा माझी अट एकच होती, बसल्यावर बॉनेट दिसलं पाहिजे. माझी उंची चार फूट अकरा इंच. जुनी गाडी मी चौदा वर्षं एका उशीच्या जोरावर चालवली. उशी आता दबून दबून भाकरीसारखी झाली आहे, पण ती घरी विसरले तर नळ स्टॉपच्या सिग्नलला मला पुढच्या रिक्षाचं फक्त टप दिसतं.

शोरूममधला मुलगा चुणचुणीत होता. मी विचारलं, "ही सीट किती वर होते?" त्यानं उत्तर नवऱ्याला दिलं. "सर, मायलेज एकदम मस्त आहे." नवरा म्हणाला, "मला गाडी येत नाही. ह्यांना सांगा." जन्मभर पीएमटी आणि माझ्या शेजारची सीट यांवर ज्याचं भागलं, त्यानं याहून वेगळं काय सांगावं? मुलगा क्षणभर गडबडला, मग त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, मॅडमसाठी! मग हे बघा. लेडीजना हे फार आवडतं." असं म्हणून तो वाकला आणि त्यानं डावीकडचं सनव्हायजर खाली पाडलं. मागे आरसा, आरशाला झाकण, झाकण सरकवलं की दिवा.

मी उजवीकडचं पाडून पाहिलं. तिथं आरसा नव्हता. रबराची एक काळी पट्टी होती.

"हे काय?"

"पार्किंगची पावती अडकवायला, मॅडम."

तेव्हापासून मला खोडच लागली आहे. कुणाच्याही गाडीत बसले की आधी दोन्ही व्हायजर पाडून बघते. महागड्या गाड्यांत दोन्हीकडे आरसे असतात, पण आमच्यासारख्यांना परवडणाऱ्या कितीतरी गाड्यांत पावती उजवीकडे आणि पावडर डावीकडे. कोण कुठं बसणार हे गाडी काढणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलंय. भाचा म्हणतो, "मावशी, चालवताना आरशात बघू नये म्हणून ते." असेल बापडं. पण चालवणाऱ्या बाईनं आरसा जवळ ठेवावा हा सल्ला जुना आहे. इंग्लंडमध्ये शर्यतीत गाडी पळवणाऱ्या डोरोथी लेव्हिटनं 1909 साली लिहून ठेवलंय, की बायकांनी हातआरसा सोबत ठेवावा आणि मधूनमधून उंच धरून मागून कोण येतंय ते बघावं. म्हणजे गाड्यांना मागचं दाखवणारे आरसे सर्रास बसायच्या आधी ही बाई पर्समधल्या आरशात रहदारी बघत होती!

पुढे गाडीवाल्यांना बायकांची आठवण झाली ती एकदम गुलाबी रंगातच. अमेरिकेतल्या डॉजनं 1955 मध्ये 'ला फाम' नावाची गाडी काढली. बाहेरून गुलाबी आणि पांढरी, आत सीटच्या कापडावर गुलाबाच्या कळ्या. सीटच्या पाठीत खास कप्पे, त्यांत गुलाबी चामड्याची पर्स, पर्समध्ये लिपस्टिकची डबी, पावडरचा डबा, कंगवा, सिगारेट केस आणि लायटरसुद्धा. शिवाय त्याच कापडाचा रेनकोट, टोपी आणि छत्री. इंजिनात मात्र बायकांसाठी म्हणून काही वेगळं नव्हतं. रुखवतच ते! फक्त शेवयांचे नमुने आणि साखरेची तुळस राहिली. पुढच्या वर्षी गुलाबीचा जांभळट रंग केला, तरी बायका फिरकल्या नाहीत आणि दोन वर्षांत कारभार आटोपला. गंमत छत्रीची. 2001 मध्ये स्कोडानं आपल्या सुपर्बच्या दारात छत्रीला कप्पा दिला, तेव्हा ती कुणाला बायकी वाटली नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ पाऊस नसतानाही ती काढून दाखवतात.

होंडानं जपानमध्ये 2012 साली 'शीज' नावाची फिट आणली. काच अशी की उन्हातले त्वचेला वाईट किरण अडावेत, आणि एसी म्हणे त्वचेला चांगला. हे वाचून मी नुसती हसले. पुण्यातल्या मुलींनी ते काम एका स्कार्फवर कधीच भागवलंय. डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं गुंडाळलेली मुलगी कर्वे रोडवर सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही. अर्थात, तोही फायदा धरलेला असतो.

त्यातल्या त्यात व्होल्वोनं 2004 मध्ये बायकांच्याच चमूकडून एक नमुन्याची गाडी करून घेतली होती. बाजारात ती कधी आली नाही. पण तिच्या हेडरेस्टला मधोमध खाच होती, पोनीटेलसाठी. हे कळलं त्या दिवशी मला गहिवरूनच आलं. केसांना मागे क्लचर लावून गाडी चालवून बघा. तो हेडरेस्टला टेकतो, मान पुढे जाते, आणि कात्रजपर्यंत तुम्ही स्टिअरिंगला नमस्कार करत पोचता. क्लच कसा सोडायचा ते ड्रायव्हिंग स्कूलवाले शिकवतात, क्लचर कुठं लावायचा ते कुणी सांगत नाही. मी आता तो काढून गिअरच्या दांड्याला अडकवते.

आणि 'बायकी' ठरलेली गोष्ट पुढे पुरुष कधी वापरायला लागतात ते कळतही नाही. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात विजेवरच्या मोटारी बायकांना विकत. धूर नाही, आवाज नाही आणि मुख्य म्हणजे हँडल मारायला नको. त्या हँडलच्या उलट्या फटक्यानं भल्याभल्यांचे हात मोडायचे. मोटारी ज्यानं घरोघर पोचवल्या त्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः बॅटरीवरची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. मग 1912 च्या कॅडिलॅकला बटणावर सुरू होणारा स्टार्टर आला, आणि पुरुषांनी हँडल सोडलं ते सोडलंच. आमच्या वाड्यातही थोड्याफार फरकानं हेच झालं. 1984 मध्ये कायनेटिक होंडा निघाली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. माझ्या आत्यानं ती घेतली, तेव्हा रोज सकाळी स्कूटर आडवी करून किका मारणारे तळमजल्यावरचे काका म्हणाले, "बायकांना बरी आहे हो." दोन पावसाळ्यांनी त्यांच्याकडेही कायनेटिकच आली. मुलीसाठी घेतली म्हणायचे. मुलगी तेव्हा चौथीत होती.

बायकांसाठी म्हणून आपल्याकडे खरोखर विचार करून बसवलेला भाग म्हणाल, तर मला एकच आठवतो, साडीगार्ड. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला मागच्या चाकावर असलेली ती लोखंडी जाळी. कायद्यातच आहे ती, 1989 च्या मोटार वाहन नियमांत. मागच्या माणसाला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल अशी सोय हवी. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन किती बायका पडल्या असतील, तेव्हा हे सुचलं असेल. तुमची बाईक कितीही मर्दानी असो, जाहिरातीत ती हिमालयात जावो नाहीतर वाळवंटात, कारखान्यातून ती साडीगार्ड लावूनच बाहेर पडते. मग पोरं पहिल्याच आठवड्यात गॅरेजमध्ये नेऊन ते काढून टाकतात. लूक जातो म्हणे. पण बघा, इथेही बाई मागेच, एका अंगावर बसलेली.

सोसायटीतले दुसरे एक काका सफारी घेणार होते. मला म्हणाले, "ही काही बायकांची गाडी नव्हे." मी त्यांना सांगितलं, की पिंपरीला टाटांच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी ज्या लाइनवर जुळतात, तिथं सगळ्या बायकाच आहेत. काकांनी विषय बदलला. मग मीही चहा टाकला.

पण माझ्या उशीचं काय? तो मुलगा म्हणाला, सीट वर-खाली होते, पण वरच्या मॉडेलमध्ये. म्हणजे आरसा खालच्या मॉडेलपासून, आणि रस्ता दिसायला जास्तीचे पैसे.

घरी येऊन मी वाचत बसले. गाड्या भिंतीवर आपटून चाचणी घेतात, त्यातला मुख्य पुतळा साधारण 78 किलोच्या पुरुषाचा. बाईचा म्हणून जो वापरतात तो बहुतांशी त्याचीच धाकटी आवृत्ती, उंची दीड मीटर, वजन 49 किलो. दीड मीटर म्हणजे चार फूट अकरा. माझ्याच मापाची बाई! (वजनाचं सोडा.) अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत समोरून धडक देताना 2011 च्या मॉडेलपासून तिलाही गाडीत बसवतात. कुठं? चालवणाऱ्याच्या शेजारी. त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अपघातांची आकडेवारी तपासली. पट्टा लावलेल्या बाई-ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच पुरुषापेक्षा 47 टक्क्यांनी जास्त निघाली. सर्वसाधारण बाईच्या अंगकाठीचा पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या चमूनं 2022 साली लोकांपुढे ठेवला. तोही मागून धडक बसली तर काय होतं ते बघण्यापुरता.

आम्ही वरचं मॉडेल घेतलं. रंग करडा. उशी नवऱ्यानं माळ्यावर टाकली, मी ती परत काढून डिकीत ठेवली, असू दे म्हणून.

परवा चांदणी चौक ओलांडून पौडकडे निघालो होतो. बॉनेट छान दिसत होतं. पट्टीत मी पावतीऐवजी दोन सेफ्टी पिना आणि एक टिकलीचं पाकीट अडकवलंय. नवऱ्यानं डावीकडचं व्हायजर पाडलं, झाकण सरकवलं, दात विचकून पोह्यातली कोथिंबीर शोधली, मग मिशीचा पांढरा केस चिमटीत धरून बराच वेळ न्याहाळला.

"अगं, चांगलाय की आरसा," तो म्हणाला. "दिवा जरा कमी पडतो."