एक्स-रे मशीनमधली चाळण
परवा राजारामपुरीत पोराच्या छातीचा एक्स-रे काढायला गेलतो. टेक्निशियननं ट्यूबच्या तोंडाशी तांब्याचा पातळ पत्रा सरकवला, म्हटलं हे काय ओ? तर म्हणाला, ट्यूबमधनं कमी-जास्त ताकदीचे सगळेच किरण बाहेर पडतात, त्यातले अशक्त किरण पार जातच नाहीत, कातडीतच जिरतात, म्हणजे फोटोला उपयोग शून्य अन् किरणांचा डोस मात्र पेशंटला. म्हणून ही चाळण. 70 केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे ट्यूबला दिलेला विजेचा दाब) वर चालणाऱ्या मशीनला एकूण 2.5 मिमी अ‍ॅल्युमिनियमएवढं फिल्टर असतंच, लहान पोरांसाठी वरनं 0.1 मिमी तांबं, वहीच्या कागदाएवढं! लई जाड घातलं की ट्यूबवर लोड वाढतो, फोटोतला काळ्या-पांढऱ्याचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्टपण मरतो. आमचं पोरगं पत्र्याकडंच टक लावून बसलं, तेवढ्यात फोटो निघाला.