महाडात एक अख्खा दिवस

रायगडाला निघालेली गाडी महाडात थांबते ती चहा-वड्यापुरती. त्यातही कुणी हौशी असलं तर चवदार तळ्यावर दहा मिनिटं, एक फोटो, आणि पुढे. खरं तर रायगड आणि महाड एका दिवसात उरकायला जाणं हीच मूळ चूक. गडाला वेगळा दिवस द्या. महाड शहराला सकाळी साडेसात ते संध्याकाळ एवढा वेळ द्या, तो सहज भरतो.

सुरुवात गांधारपाल्याच्या लेण्यांपासून करावी. शहराच्या वायव्येला, गांधारी नदीलगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत, लहान-मोठी मिळून २८. मुंबई-गोवा महामार्गावरूनच कपारीतली काळी दारं दिसतात. गाडी महामार्गाच्या कडेला लावू नका. गावात आत घ्या, कारण चौपदरी रस्त्यावर मागून येणारा कंटेनर तुमच्यासाठी थांबत नाही. पायऱ्या पंधरा-वीस मिनिटांत चढून होतात. लेण्यांची तोंडं पूर्वेकडे, म्हणून सकाळचंच ऊन आत शिरतं. दुपारनंतर गेलात तर गाभाऱ्यात अंधार आणि वटवाघळांचा वास एवढंच हाती लागतं. बॅटरी सोबत हवीच. मोबाइलचा उजेड समोरून टाकला की कोरीव काम सपाट दिसतं, तो बाजूने, तिरका टाका.

सगळी २८ बघण्याचा हट्ट नको. बरीचशी नुसत्या खोल्या आणि कट्टे आहेत. पहिलं आणि आठवं मात्र सावकाश बघा. पहिल्याचा मंडप सुमारे ५७ फूट रुंद आणि ३४ फूट खोल, उंची मात्र जेमतेम दहा फूट. मागच्या गाभाऱ्यात खडकाचा चौकोनी ठोकळा शिल्लक ठेवलाय आणि त्याच्या दर्शनी बाजूला बुद्धमूर्ती कोरलीय. मूर्तीखाली चक्र आणि हरणं शोधा. सारनाथच्या पहिल्या उपदेशाची ती खूण. आठव्या लेण्यात गंमत उलटी आहे. इथे स्तूप होता, तो कुणीतरी मुळापासून तासून काढला. पण स्तूपाची छत्री छताच्या दगडातच कोरलेली असल्यामुळे ती वर तशीच लटकून राहिली. खाली जमिनीवर खडबडीत डाग आणि वर छत्री, एवढ्यावरून मधला स्तूप मनात उभा करायचा. बहुतेक लोक मान वर न करताच बाहेर पडतात. याच लेण्यात ब्राह्मी लेख आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणं, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचं तो सांगतो. अक्षरांवर खडू किंवा पाणी फिरवू नका, दगड आधीच सुटत चाललाय.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि छतं गळतात. डोंगर दिसायला सुंदर असतो, पण चढताना नव्हे तर उतरताना पाय घसरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दहाच्या सुमाराला खाली उतरून शहरात या. चवदार तळ्यावर काय बघायचं हे आधी माहीत नसेल तर ते पायऱ्यांचं, मधोमध बाबासाहेबांचा पुतळा असलेलं एक बांधीव तळं वाटेल. म्हणून तारखांचा क्रम लक्षात ठेवून जा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचं ठरवलं, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी महाडात अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठवून परिषदेच्या माणसांवर हल्ला झाला, आणि तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये प्रकरण कोर्टात गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

तळ्यावरून क्रांतिस्तंभ आणि मग बाबासाहेबांचं राष्ट्रीय स्मारक, असा क्रम ठेवा. क्रांतिस्तंभ २५ डिसेंबर १९२७ च्या मनुस्मृतिदहनाची आठवण. डिसेंबरमध्ये महाडात पुन्हा परिषद भरली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या परिषदेच्या मांडवाला गावात कुणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. स्मारकात सभागृह, ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. सरकारी वास्तू आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी किंवा भर जेवणाच्या वेळी जाणार असाल तर आधी चौकशी करा. २० मार्चला लाखोंनी लोक येतात. अनुभवायचं असेल तर तोच दिवस निवडा, पण मग तळं 'बघणं' होणार नाही, आणि मुक्कामाला खोली मिळणार नाही.

वीरेश्वराचं देऊळ जवळच आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास इथे छबिना असतो. गावोगावच्या देवांच्या पालख्या आणि सासनकाठ्या भेटीला येतात, रात्रभर ढोल. एरवी देऊळ शांत, अर्धा तास पुरे.

दुपारी जेवून दासगावला चला, महाडच्या उत्तरेला आठ-नऊ किलोमीटर. तिथे तिकिटाचं काहीच नाही, फक्त खाडी आहे. पण महाड समजायला ती लागते. डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि पाच मैल चालत महाडात गेले. महाबळेश्वरहून येणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि भरतीचं पाणी इथवर आत चढतं. ओहोटीला गेलात तर चिखलच दिसेल. भरतीचा जुना हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसात. ही वेळ समुद्रकाठची, खाडीत आत पाणी पोचायला आणखी उशीर लागतो.

महाडचा पूरही इथेच उभं राहून कळतो. घाटावर पाऊस कोसळत असताना खाली भरती असली की नदीला उतरायला वाट राहत नाही आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर बेत सरळ रद्द करा.

वेळ उरलाच तर सावित्रीपलीकडे कोल गावामागे लेण्यांचे दोन लहान गट आहेत. ढासळलेल्या खोल्या आणि दोन-तीन लेख, बाकी काही नाही. लिपीची आवड असेल तरच जा. त्यापेक्षा जवळच्या सव गावची गरम पाण्याची कुंडं बरी.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी जवळचं स्टेशन वीर. बऱ्याच जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून माणगावला उतरून एसटी धरणं सोयीचं. वीरला रात्री उतरणार असाल तर रिक्षा आधी सांगून ठेवा. गाडी निघून गेली की फलाटावर कुत्री आणि तुम्हीच उरता.