विंडोज ७ च्या काउंटरवर न दिसणारं बटण

निपाणी-चिक्कोडी भागातल्या एका सोसायटीचं पिग्मीचं वेब पान आम्ही नव्याने बांधलं. मराठी आणि कन्नड अशा दोन भाषा. खाते क्रमांक टाकला की आजवरचा भरणा दिसतो, पावती निघते, बाकी फार काही नाही. आमच्याकडे सगळं नीट चाललं, पण सोसायटीच्या काउंटरवर "पावती काढा" हे बटणच दिसेना. म्हणजे बटण जागेवर होतं, दाबलं की पावतीही यायची, पण ते कुठे आहे हे आधीच ठाऊक असेल तर.

काउंटरवरच्या पीसीत विंडोज ७ आहे. पासबुक छापायच्या प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही, म्हणून तो पीसी बदललेला नाही. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम आवृत्ती १०९ ला थांबलं, ते २०२३ च्या जानेवारीत. एजसुद्धा १०९ वरच अडकलं. आम्ही वापरलेल्या टेलविंड ४ ला (पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेचं तयार साधन) मात्र किमान क्रोम १११, सफारी १६.४ किंवा फायरफॉक्स १२८ लागतं. हे त्यांच्याच माहितीपानावर लिहिलेलं आहे, आम्ही ते काम सुरू करताना वाचायला हवं होतं.

आता बटण गेलं कुठे? टेलविंड ४ चे रंग ओकेएलसीएच (oklch) या रंग सांगायच्या नव्या पद्धतीत लिहिलेले असतात आणि क्रोमला ती पद्धत १११ पासून कळते. न कळणारी सीएसएसची ओळ ब्राउझर सोडून देतो आणि तिच्या आधीची कळलेली ओळ वापरतो, या भरवशावर आपण सगळे काम करतो. पण टेलविंड ४ सारखा रंग व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, ठेवला की हा भरवसा संपतो. व्हेरिएबलमध्ये काहीही भरा, ब्राउझर ते मुकाट्याने ठेवून घेतो. "पार्श्वभूमीला हे व्हेरिएबल" ही ओळही त्याला वाचताना बरोबर वाटते, म्हणून आधीची ओळ तो टाकून देतो. रंग समजत नाही हे कळतं शेवटी किंमत भरताना, आणि तोवर मागे फिरायला काही उरलेलं नसतं. पार्श्वभूमी पारदर्शक होते. अक्षरांचा पांढरा रंग साध्या हेक्समध्ये (#fff अशा जुन्या पद्धतीत) असल्यामुळे तो मात्र व्यवस्थित लागतो. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं!

उपाय सरळ आहे: मूळ व्हेरिएबलमध्ये हेक्स रंग ठेवायचा आणि ओकेएलसीएचचा रंग सीएसएसच्या सपोर्ट्स नियमाच्या (ब्राउझरला कळत असेल तरच लागणाऱ्या भागाच्या) आत टाकायचा. पण रंगात पारदर्शकता मिसळणारे टेलविंडचे वर्ग कलर-मिक्स या सीएसएसच्या फंक्शनवर चालतात, आणि तेही १११ पासूनच. ठिगळं वाढत गेली, तेव्हा टेलविंड ३.४ वर परतलो. जुन्या ब्राउझरसाठी टेलविंडवाल्यांचाही सल्ला तोच आहे.

असे ब्राउझर किती जण वापरतात हे सर्व्हरच्या लॉगवरून (भेटींच्या नोंदवहीवरून) पाहायचं, पण तिथे एक फसगत होते. क्रोम १०७ पासून विंडोजचा खरा क्रमांक सांगत नाही, विंडोज ७ वरचं क्रोम १०९ स्वतःला विंडोज १० म्हणवतं. अँड्रॉइडवर ११० पासून तसंच: फोन कुठलाही असो, लॉगमध्ये "अँड्रॉइड १०" आणि मॉडेलच्या जागी नुसतं "के". अँड्रॉइड ७ च्या फोनवर क्रोम ११९ ला अडकतं, पण लॉग वाचणाऱ्याला तो अँड्रॉइड १० च वाटणार. त्यामुळे विंडोज-अँड्रॉइडचं नाव बघायचं नाही, क्रोमचा आकडा मोजायचा. १०९ किंवा ११९ चे आकडे महिनोन् महिने हलत नसतील तर ती अडकलेली यंत्रं समजावीत.

पिग्मी एजंटांच्या फोनची अडचण निराळी निघाली. फोन भरलेला, अपडेट होत नाही, क्रोम अजून सत्तरीतलं. तिथे पान रंगासकट उघडायचं, पण एकही बटण चालायचं नाही. कारण बटणं चालवणारी जावास्क्रिप्ट ही भाषा सीएसएससारखी दयाळू नाही. प्रश्नचिन्ह-टिंबाची (?.) नवी खूण क्रोम ८० पासून कळते, त्याआधीच्या क्रोमला ती फाइलमध्ये एका जागी जरी दिसली तरी अख्खी फाइल बंद. बेबल या साधनाने कोड जुन्या वाक्यरचनेत उतरवला की हे सुटतं. पण बेबल फक्त वाक्यरचना बदलतं. नवी फंक्शनं हवी असतील तर ती पुरवणारं कोअर-जेएस वेगळं जोडावं लागतं. आम्ही याहून सोपं केलं. खाते क्रमांकाचा फॉर्म साध्या एचटीएमएलचा ठेवला, तो सर्व्हरकडे जातो आणि तयार पान परत येतं. जावास्क्रिप्ट चालली तर पान न हलता आकडे येतात, नाही चालली तरी पावती अडत नाही. फोन तपासायला यूएसबी केबल लावून पीसीच्या क्रोममधलं इन्स्पेक्ट पान उघडायचं. फोनचं क्रोम फार जुनं असेल तर तिथला "इन्स्पेक्ट फॉलबॅक" दुवा वापरायचा, नाहीतर खिडकी कोरीच राहते.

काही यंत्रांवर तर पान उघडतच नव्हतं, सुरक्षेचा इशारा यायचा. पीसी असेल तर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते, आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला सुरूच झालेलं नसतं. सेल बदलला की झालं. फोन असेल तर अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा आहे का ते बघा. अशी प्रमाणपत्रं फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र त्या फोनांना माहीत नाही, आणि त्यांच्यासाठी ठेवलेली जुनी सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगणारं फायरफॉक्स त्या फोनवर असेल तर त्यात पान उघडतं.

खाते क्रमांक "सापडत नाही" अशीही तक्रार आली, ती ब्राउझरच्या वयाची नव्हतीच. लोक मराठी कीबोर्डवरून १२३४ लिहितात, कुणी कन्नड अंक लिहितं, आणि जावास्क्रिप्टची अंक ओळखायची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. दोन्ही लिपींचे अंक सर्व्हरवर इंग्रजीत बदलून घेतले.

मग सांभाळायचं कोणाला? इंटरनेट एक्सप्लोररला नाही. त्याचा कारभार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला आवरला, आणि जुनी सॉफ्टवेअरं चालवायला एजमध्ये त्याचा मोड आहे. बाकी सगळ्यांना मजकूर वाचता यावा आणि पावती निघावी, इथवर आमची हमी. देखणेपणाची हमी क्रोम १०९ आणि त्यापुढच्यांनाच. पण पैसे भरायचं पान अशा अडकलेल्या यंत्रांवर आम्ही दाखवत नाही, कारण १०९ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही. तिथे मराठी-कन्नड पट्टी येते: पैसे काउंटरवर किंवा दुसऱ्या फोनवरून भरा. "ब्राउझर अपडेट करा" असं मुद्दाम लिहिलेलं नाही. सायबर कॅफेत बसलेल्या माणसाचा तो पीसी थोडाच असतो!

काउंटरवर क्रोमच्या जोडीला फायरफॉक्स ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाकून दिली, कारण मोझिलाने ती विंडोज ७ साठी क्रोमनंतरही बराच काळ दुरुस्त करत ठेवली. तिच्यात छपाईच्या खिडकीत हेडर-फूटरची खूण काढायची राहिली, की पावतीच्या डोक्यावर पानाचा पत्ता छापून येतो.