१९७१ च्या फोटोंचं काम टांगाईलपर्यंत आलं

१९७१ च्या बांगलादेश युद्धात लढलेल्या पलटणींचे फोटो मी गोळा करते आणि त्या जवानांच्या आठवणी लिहून घेते, दर ठिकाणचं एक पाकीट. मागच्या नोंदीत जमालपूरचं पाकीट संपलं होतं. यंदा पावसाळाभर टांगाईल घेतलं, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, जिथे आपले जवान विमानांतून छत्र्यांनी उतरले. त्या उडीतले जे जवान साताऱ्याकडे अजून बोलते आहेत, ते आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, त्यामुळे क्रम बदलून हे आधी करणं भाग होतं.

नव्यांसाठी थोडं मागचं सांगते. आजची २ पॅरा ही छत्रीधारी पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेऊन धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे याच पलटणीचे. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ उतरली ती ही २ पॅरा, आणि जमालपूर जिंकून दुसऱ्या दिवशी पुंगलीच्या पुलावर तिला येऊन मिळाली ती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. एकाच घरातले दोन भाऊ परमुलखात भेटावेत तशी ती भेट. माझा सगळा संग्रह या दोन पलटणींभोवती फिरतो.

टांगाईल म्हटलं की सगळे एकच फोटो पुढे करतात. आभाळभर छत्र्या, मागे विमानांची रांग. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे की तो टांगाईलचा नाही. संरक्षण खात्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनीच पुढे सांगितलं की तो आग्र्याला आधी झालेल्या सरावाचा फोटो होता, आणि उडीच्या बातमीबरोबर तो तारीख न घालता वृत्तपत्रांना दिला गेला. प्रत्यक्षात उतरली एकच बटालियन, सातशेच्या आसपास माणसं. फोटोत दिसते पूर्ण ब्रिगेड. परदेशी वृत्तपत्रांनीही तो छापला, आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी अधिकाऱ्यांना समोर आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी फौज उतरल्यासारखी वाटली.

मला बघायचं होतं की जे खरोखर उतरले ते या फोटोकडे कसं बघतात. मी आठ बाय दहाची मॅट प्रिंट काढून नेते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना चकचकीत कागदावर नुसता उजेडच दिसतो. मथळा झाकलेला असतो. ‘हे कुठलं, ओळखलंत का?’ असं विचारत नाही, कारण विचारलं की परीक्षा दिल्यासारखं उत्तर येतं. प्रिंट हातात द्यायची, गप्प बसायचं आणि पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायचं. ही पद्धत मी सगळ्यांना कळकळीने सुचवते.

निवृत्त सुभेदार असलेल्या एका तात्यांनी प्रिंट खिडकीकडे धरली आणि लगेच म्हणाले, “पोरी, ही आमची उडी न्हाई. आमची दिस मावळतीची. हितं ऊन बघ केवढं पडलंय.” मग बोट विमानावर गेलं. दोन शेपट्यांचं पॅकेट विमान त्यांनी क्षणात दाखवलं. त्या संध्याकाळी पॅकेट होती, एएन-१२ होती, कॅरिबू आणि डाकोटाही होती, हे त्यांनी न विचारता सांगितलं. पुढे खाली उतरल्यावरचं निघालं. काहींच्या छत्र्या वाऱ्यानं भलतीकडे गेल्या, तळ्यात पडलेली पेटारी गावकऱ्यांनी खांद्यावरून काढून दिली. फोटो चुकीचा होता, पण आठवण त्यानेच उघडली.

दुसऱ्या एका घरात तोच फोटो भिंतीवर दिसला, वर्तमानपत्रातून कापून, काचेच्या चौकटीत. कागद चहासारखा पिवळा झालेला. काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की त्यात आपण नाही. “आईनं लावलाय. ती सगळ्यांना दाखवायची, ह्यातली एक छत्री माझ्या पोराची,” एवढं बोलून ते उठून आत गेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली, चौकट तशीच आहे. मी तिचा फोटो भिंतीसकट घेतला. माझ्या मते टांगाईलच्या पाकिटात ही कात्रणाची चौकट गेलीच पाहिजे, फक्त नोंद चोख हवी: ‘आग्रा, सराव, डिसेंबर १९७१ मध्ये प्रसृत, या घरात तेव्हापासून’. नुसता ‘खोटा’ असा शिक्का मारून तो बाजूला काढणं मला पटत नाही.

आता अस्सल फोटोंकडे. एका कुटुंबाने काळ्या पानांचा अल्बम दिला, मधले बटर पेपर अजून शाबूत. त्यात पुलाच्या कठड्याला टेकलेला जवान, शेजारी लुंगीतले मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांतले, दोन पोरगेले तरुण. मागे पेन्सिलीने काहीतरी खरडलंय, ते तिरप्या उजेडात स्कॅन केल्यावर ‘पुंगली’ असं लागलं. तात्यांनी हा फोटो घेतला, जवानाच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, एसएलआर रायफलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “उलटा छापलाय. एसएलआरचं कॉकिंग हँडल डाव्या अंगाला असतंय.” भिंग लावून बघितलं तर शर्टाची बटणपट्टीही उलट्या बाजूला. एन्लार्जमेंट करताना स्टुडिओत निगेटिव्ह पालथी पडली असणार. स्कॅन जसा आहे तसा ठेवलाय आणि आरशात फिरवलेली प्रत वेगळ्या नावाने जोडलीय. फिरवल्यावर नदीचा प्रवाह दुसऱ्या बाजूला गेला, त्यामुळे पुलाचं कुठलं टोक हे आता नव्याने ठरवावं लागेल.

१६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानी फौजेने शरणागतीवर सही केली, तो फोटो मी शेवटी दाखवते. मागे उभे आपले वरिष्ठ सेनाधिकारी: कृष्णन, दिवाण, सगतसिंग, जेकब. नावं अधिकारी मंडळी पटापट सांगतात. साध्या जवानांचं लक्ष त्यात फारसं रमत नाही. २ पॅरा त्या सकाळी ढाक्यात शिरणारी पहिली पलटण होती, त्यांच्या डोक्यात रेसकोर्सचं टेबल नसून ढाक्याच्या वेशीवरचा मीरपूरचा पूल असतो. पण २०२४ च्या डिसेंबरात त्या प्रसंगाचं चित्र लष्करप्रमुखांच्या दालनातून हलवून माणेकशॉ सेंटरमध्ये नेलं, तेव्हा हेच लोक चिडले होते. देशभरातल्या अनेक निवृत्त अधिकाऱ्यांनीही उघड नाराजी बोलून दाखवली. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. परदेशी पाहुणे जिथे येऊन बसतात, तिथेच त्या चित्राची जागा होती.

पुढचं काम: पुंगलीच्या पुलाचे आणखी कोन हवेत, विशेषतः १२ डिसेंबरच्या भेटीनंतरचे. कुणाच्या घरी १ मराठाचे अल्बम असतील तर फोटो कोपऱ्यांतून ओढून काढू नका, पान सबंध स्कॅन करा. सुटा असेल तर मागची बाजूही, छोट्या प्रिंटला बाराशे डीपीआय, टिफमध्ये. डाग, घड्या, पेन्सिल काही पुसू नका. आणि घरात कुणी पलटणीतलं असेल तर पहिलं वाक्य त्यांच्याच बोलीत लिहून पाठवा.