जिना चढून नदीवर

गाडी लावली तेव्हा नदी कुठेच दिसत नव्हती. समोर वाळक्या गवताने पिवळा पडलेला उंच बांध, त्यावर चढणारा लाकडी जिना आणि बांधापलीकडून डोकावणारी डोलकाठ्यांची टोकं. "नदी वर आहे होय?" आईने विचारलं. होती खरी. बेथेल आयलंडवर नदी बघायला जिना चढावा लागतो.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या जिथे एकमेकींत मिसळतात, त्या मुलखाला सगळे नुसतं 'डेल्टा' म्हणतात. नकाशावर बेटं दिसतात, पण ती पाण्याबाहेर डोकं काढलेली बेटं नव्हेत. प्रत्येक बेट म्हणजे बांधाने वेढलेली वाटी. बांध सगळे मिळून सुमारे 1,100 मैल. माझ्या आतेभावाची अठ्ठावीस फुटी सेकंडहँड बोट इथल्या एका मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, असते, आणि जुलैतला एक शनिवार-रविवार आम्ही तिच्यावर काढला. आई नुकतीच भारतातून आली होती. तिचं माहेर पेण तालुक्यात, खाडीकाठी. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून तिने एकदा डावीकडे पाणी बघितलं, एकदा उजवीकडे खाली पसरलेली जमीन बघितली आणि म्हणाली, "अगं, ही तर खारलँड!" म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन.

इथलं पाणी गोडं आहे, हे सांगून काही उपयोग नव्हता. तिचा पुढचा प्रश्न तयार होता : "यांची उघाडी कुठाय?"

आमच्या आजोळी बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिचं झाकण उघडतं, शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती आली की ते आपोआप मिटतं. इथे ती सोय राहिलेली नाही. इथली माती म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेलं लव्हाळं. बांध घालून ती कोरडी केली, तशी हवा लागून ती विरत गेली आणि जमीन खचत गेली. काही बेटं आज समुद्रसपाटीपेक्षा वीस फुटांहून जास्त खाली आहेत. ओहोटीचं पाणीसुद्धा शेतापेक्षा उंच, मग उघाडी उघडून करणार काय? म्हणून चरातलं पाणी पंपाने उपसून वर नदीत टाकायचं, वर्षानुवर्षं. आईला हे मुळीच पटलं नाही. "विजेवर बांध राखायचा म्हणजे…" एवढं बोलून ती थांबली.

सकाळी निघालो. लाइफ जॅकेटची सक्ती तेरा वर्षांखालच्या मुलांना, पण आईने सुती साडीवर नारिंगी जॅकेट चढवलं ते रात्रीच्या चहापर्यंत उतरवलंच नाही. सुकाणू थोडा वेळ माझ्याकडेही आलं. 2025 पासून इथे इंजिनाची बोट चालवायला सगळ्याच वयाच्या लोकांना बोटर कार्ड लागतं. माझ्याकडे ते नाही, पण कार्डवाला शेजारी उभा राहून लक्ष ठेवणार असेल तर चालतं. बांधलेल्या बोटींजवळून ताशी पाच मैलांच्या वर जायचं नाही, हा नियम मला पाठ होता. पाळायचा तेवढा राहिला. आमच्या लाटेने डॉकवरच्या सगळ्या बोटी हिंदकळल्या आणि कॉफी पीत बसलेल्या एका बाईंनी तळहात खाली दाबून 'हळू' अशी खूण केली. शिवी परवडली असती.

तिथून फ्रँक्स ट्रॅक्ट. हे तळं नव्हे, शेत होतं. 1938 मध्ये बांध फुटला आणि पुन्हा कोणी बांधलाच नाही. आता तिथे मासे धरायला आणि वारा खायला लोक येतात. "म्हणजे खांड गेली नि तशीच ठेवली," आई म्हणाली. आजोळी खांड गेली की अख्खा गाव घमेली घेऊन धावायचा. ज्याच्या शेतात खारं पाणी शिरलं त्याची पुढची काही वर्षं गेलीच. इथे आम्ही त्याच खांडीतून दडपे पोहे खात आत शिरलो. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

शिक्षाही लगेच मिळाली. ओहोटी लागलेली, पाणी उथळ, आणि पाण्याखाली 'ब्राझिलियन' म्हणतात ते पाणगवत. इंजिनाने आधी आवाज बदलला, मग तापल्याचा भोंगा दिला. इंजिनाचा पाण्यातला पंखा वर उचलून पाहतो तो न्हाणीघराच्या जाळीत अडकतं तसं हिरवंगार गुंतवळ त्याला गच्च आवळलेलं. आतेभाऊ मागच्या फळीवर पालथा पडून पाव कापायच्या सुरीने ते तोडत बसला, मी त्याचे पाय धरले. अर्ध्या तासात पंखा सुटला आणि सुरी तळाला गेली. परतताना कडेला जांभळ्या फुलांचे ताटवे वाहत होते. त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. मुळा-मुठेत आहे तीच जलपर्णी, इथे 1904 पासून.

संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला. दुपारभर भाजून काढणारी हवा तासाभरात शाल मागायला लागली. मरिनातल्या बऱ्याच बोटी जागच्या हलतच नाहीत, हे तेव्हा कळलं. पत्र्याच्या छपराखाली ओळीने स्लिपा, म्हणजे एकेक बोट बांधायच्या जागा, सामायिक न्हाणीघर, खुर्च्या बाहेर. शेजारचे म्हातारबुवा मांजरासह बोटीवरच राहतात. त्यांनी मला क्लीटला, म्हणजे डॉकवरच्या दोन शिंगी खुंटीला, दोर बांधायला शिकवलं : आधी बुडाला वेढा, मग इंग्रजी आठचा आकडा, शेवटचा फास उलटा. पोह्यांचा डबा त्यांनी धुऊन परत दिला.

इथले जुने बांध घालायला चिनी मजूर राबले. दुसऱ्या दिवशी लॉक नावाच्या गावी गेलो, ते 1915 मध्ये चिन्यांनीच वसवलं. पण 1913 च्या कायद्यामुळे घराखालची जमीन विकत घ्यायची त्यांना मुभा नव्हती. लॉकबद्दल सवडीने लिहीन.

निघायच्या आधी आई बांधावर फेरी मारायला गेली. 2004 च्या जूनमध्ये, पाऊस नाही, पूर नाही, आणि इथून जवळच्या जोन्स ट्रॅक्टचा बांध फुटला होता, ही गोष्ट रात्री आतेभावाने तिला सांगितली होती. मी हाक मारायला गेले तर ती वाकून काही तरी बघत होती. खारीचं बीळ होतं. आजोळी बांधातलं खेकड्याचं बीळ बुजवतात तसं तिने एक ढेकूळ उचलून त्यात कोंबलं आणि सपाता घातलेल्या टाचेने दोनदा दाबलं.

"खेकड्याचं नाहीये ते," मी म्हटलं.

"कोणाचं का असेना," म्हणत तिने आणखी एक ढेकूळ शोधलं.